ती पाचवी नव्हती

एक्झिट पोलचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. मत देऊन बाहेर पडणाऱ्याला थांबवायचं, कागद पुढे करायचा, भरून झाला की पेटीत टाकायला सांगायचा. खरं काम मोजण्याचं असतं. प्रत्येक केंद्रासाठी वरून एक आकडा येतो. त्या दिवशी माझा आकडा पाच होता. दारातून बाहेर येणारा दर पाचवा माणूस घाईत असो, चिडलेला असो, कानाला फोन लावलेला असो, विचारायचं त्यालाच. चौथा हसून माझ्याकडे बघतोय, सहावा आपणहून हात पुढे करतोय, तरी त्यांना नाही. आपणहून पुढे येणाऱ्यांना घेत गेलं की नमुना बिघडतो, कारण बोलायला उत्सुक असलेली माणसं अनेकदा मतंही वेगळी देतात. नव्याने आलेल्या मुलांना मी हे शिकवते तेव्हा त्यांना ते फार रुक्ष वाटतं. मला या नियमाचा अभिमान आहे, आणि पुढचं सगळं वाचून झाल्यावरही तो असेल.

दिवस २९ फेब्रुवारी २०२० चा, शनिवार. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. कोलंबियात राहणाऱ्या मला ऑरेंजबर्गमधलं एक केंद्र मिळालं होतं, घरापासून मोटारीने पाऊण तासावर. ऑरेंजबर्ग म्हणजे साउथ कॅरोलायना स्टेट आणि क्लॅफ्लिन या कृष्णवर्णीयांच्या दोन जुन्या विद्यापीठांचं गाव. ८ फेब्रुवारी १९६८ ला फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या बोलिंग ॲलीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी इथेच गोळीबार केला आणि तीन तरुण मारले गेले. अमेरिकेबाहेर सोडा, अमेरिकेतही ही घटना फारशी कुणाला माहीत नाही.

इथे तिकीट दिल्लीहून येत नाही. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतले मतदार प्रायमरीत ठरवतात. साउथ कॅरोलायनात तर पक्षाची सभासद नोंदणीही नसते. नाव मतदार यादीत असलं की पुरे. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय २७ टक्क्यांच्या आसपास, पण डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत ते निम्म्याहून जास्त. त्याआधी झालेली आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही राज्यं नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी. तिथे ओबामांचे उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले जो बायडेन अनुक्रमे चौथे आणि पाचवे आले होते. नेवाडात दुसरे. टीव्हीवर त्यांच्या मोहिमेचे मृत्युलेख वाचून झाले होते.

सकाळी केंद्रप्रमुखांना भेटून ओळखपत्र दाखवायचं, आपली जागा ठरवून घ्यायची आणि बाहेर पडायचे दरवाजे किती आहेत ते आधी बघायचं. हा दरवाज्यांचा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात. मागच्या बाजूला पार्किंगकडे जाणारं दार उघडं असलं की तिकडून निसटणारे मतदार मोजणीतच येत नाहीत, आणि व्हीलचेअरवाले, म्हातारे, काठी घेतलेले नेमके तिकडूनच जातात. माझ्या केंद्राचं मागचं दार बंद होतं. जागा चांगली मिळाली होती.

कोणी नकार दिला तर त्याचीही नोंद करायची: पुरुष की स्त्री, अंदाजे वय, आणि वंश. वंश मी नुसता बघून लिहायचा. नकार देणारे कोण होते ते कळलं नाही तर आकड्यांचा तोल सावरता येत नाही, म्हणून ही नोंद लागतेच. तरी अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघून त्याच्या नावापुढे वंशाची खूण करायची हे मला कधीच सवयीचं झालं नाही. मिरजेत वाढलेल्या मुलीला तर नाहीच. मला बघून माझी जात ओळखू पाहणारे डोळे मी लहानपणापासून बघितलेत.

दुपारच्या जरा आधी चर्चच्या व्हॅनमधून म्हाताऱ्या बायकांचा घोळका आला. असे घोळके मोजणाऱ्याची परीक्षा घेतात, कारण सगळ्या एकदम बाहेर पडतात, दारात थांबतात, गप्पा मारतात, एखादी काही विसरलं म्हणून पुन्हा आत जाते. पाचवीने कागद नाकारला. तिची नोंद करत होते, तोवर तिच्या मागची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पंचाहत्तरीच्या पुढची असावी. जांभळी टोपी, हातात पर्स, ताठ पाठ.

"मला नाही का विचारणार?"

"मॅम, मला दर पाचव्या मतदारालाच विचारता येतं. तुम्ही सहाव्या."

तिने माझं ओळखपत्र वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "माझ्या वडिलांनाही असाच एक नियम सांगितला होता, बाळा. पक्ष हा खासगी क्लब आहे, आणि तुम्ही त्याचे सभासद नाही."

ती कशाबद्दल बोलते आहे ते मला माहीत होतं. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्ष सोडून दुसरा पक्ष जिंकतच नसे, म्हणून पक्षाची प्रायमरी हीच खरी निवडणूक होती, आणि ती फक्त गोऱ्यांसाठी होती. १९४४ मध्ये टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. तेव्हा साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून प्रायमरीबद्दलचे सगळे कायदेच रद्द केले. राज्याचा संबंध उरला नाही, पक्ष खासगी झाला, आता न्यायालय काय करणार! कोलंबियात दुकान चालवणाऱ्या जॉर्ज एल्मोर यांनी त्याविरुद्ध दावा लावला. १९४७ मध्ये चार्ल्स्टनचे न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात लिहिलं की साउथ कॅरोलायनाने आता पुन्हा संघराज्यात सामील व्हायची वेळ आली आहे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ३५,००० च्या आसपास कृष्णवर्णीयांनी प्रायमरीत मत दिलं. एल्मोर यांचा धंदा मात्र बुडवला गेला. आज ज्या प्रायमरीवर अख्ख्या देशाचे कॅमेरे लागतात तिची किंमत त्या दुकानदाराने मोजली, आणि त्याचं नाव कॅमेऱ्यासमोर कुणी घेत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९३२ च्या पुणे करारात राखीव जागांसाठी नेमकी प्राथमिक निवडणूकच होती: आधी दलित मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवारांची यादी निवडायची, मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एकाला. समोर आलेल्यांतून एकाला निवडण्याचा हक्क आणि समोर कोण येणार हे ठरवण्याचा हक्क, यांतला फरक आंबेडकरांना तेव्हाच पुरता ठाऊक होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी पत्र लिहिलं आणि डू बॉइसनी उत्तरही दिलं. ते साल आणि एल्मोरच्या निकालाचं साल शेजारीशेजारी आहेत.

व्हॅन निघायला वेळ होता. ती माझ्यापासून चार पावलांवरच्या बाकावर बसली आणि बोलू लागली. मी काही विचारलं नाही. मतदाराशी उमेदवारांबद्दल बोलायची मला मुभाच नाही. मी दाराकडे डोळे लावून मोजत राहिले आणि ऐकत राहिले.

तिला याच शर्यतीतल्या एलिझाबेथ वॉरन आवडत होत्या. त्यांच्या योजना तिने वाचल्या होत्या. मत तिने बायडेनना दिलं होतं.

"मला कोण आवडतं हा प्रश्न मी आज घरीच ठेवला," ती म्हणाली. "मिशिगनमधला, पेनसिल्व्हेनियातला गोरा माणूस नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुणाला मत द्यायला तयार होईल, ते बघून मी मत दिलं. आम्ही त्याला ओळखून आहोत. ओळखावंच लागलं, त्याच्या घरात कामं केली आम्ही. त्याला आम्हाला ओळखायची गरज कधी पडली नाही."

जिम क्लायबर्न यांचं नाव मग तिनेच काढलं. बुधवारी, म्हणजे तीन दिवस आधी, राज्याच्या या ज्येष्ठ खासदाराने बायडेनना पाठिंबा जाहीर केला होता. 'आम्ही जोला ओळखतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो' हे त्यांचं वाक्य दोन दिवस सतत वाजत होतं. क्लायबर्न इथल्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. १९६० च्या आंदोलनात तुरुंगात गेले तेव्हा तिथेच त्यांची आणि त्यांच्या पत्नीची भेट झाली. "जिमने सांगितलं म्हणून आम्ही ठरवलं, असं आता सगळे म्हणतील," ती म्हणाली. "आमचं आतल्या आत ठरत आलंच होतं. जिमने मोठ्याने सांगितलं, त्यामुळे प्रत्येकीला कळलं की शेजारणीचंही तेच ठरलंय. आपण एकटीच पडणार नाही."

पुढे क्लायबर्न यांनी स्वतः सांगितलेली हकीकत ऐकली तेव्हा मी जागची हलले नाही. एका अंत्यविधीला चर्चमध्ये एका वृद्ध बाईने त्यांना विचारलं, तुम्ही मत कुणाला देणार? त्यांनी तिच्या कानात बायडेनचं नाव सांगितलं. ती म्हणाली, हे ऐकायची मला गरज होती, आणि सगळ्या समाजालाही आहे. म्हणजे पाठिंबा जाहीर करायला नेत्याला भाग पाडलं ते मतदाराने. आमच्या आकडेवारीत जवळपास निम्म्या मतदारांनी क्लायबर्न यांचा पाठिंबा आपल्या निर्णयात महत्त्वाचा होता असं नोंदवलं. अनेक विश्लेषकांनी त्याचा अर्थ 'नेत्याच्या शब्दावर चालणारा समाज' असा लावला. बाकावरच्या बाईचा अर्थ वेगळा होता, आणि दोन्ही अर्थांना खूण एकच.

कागदावर एक प्रश्न असाही होता: तुमच्याशी मुद्द्यांवर सहमत असलेला उमेदवार हवा की डोनाल्ड ट्रम्प यांना हरवू शकणारा? एकावरच खूण करायची. दुपारी एका पाचव्या मतदाराने पेन हातात धरून बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "दोन्हीवर केली तर?" मी नियम सांगितला. त्याने एकावर केली. कोणत्या ते बघायचं नसतं.

दिवसातून तीनदा आकडे फोनवर कळवायचे असतात. ते ज्या विश्लेषकांकडे जातात त्यांना संध्याकाळी पाचपर्यंत बंद खोलीत, फोन काढून घेऊन बसवतात. मतदान संपेपर्यंत निकालाबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी शिस्त असते. शेवटचा फोन करून मी सामान आवरत होते. सातच्या ठोक्याला वृत्तवाहिन्यांनी बायडेन जिंकल्याचं जाहीर केलं. एकाही मताचा आकडा जाहीर झालेला नव्हता. अंदाजाचा मोठा आधार म्हणजे राज्यभर माझ्यासारख्यांनी भरून घेतलेले कागद. छाती भरून आली, हे खरं आहे. केंद्रप्रमुख बाईंनी दार लावता लावता बातमी ऐकली आणि नुसतं "हं" म्हणून मशीनमधली मतं मोजायला आत गेल्या.

बायडेनना ४९ टक्क्यांच्या जवळ मतं पडली, दुसऱ्या क्रमांकावरच्या बर्नी सँडर्सना २० च्या जवळ. कृष्णवर्णीय मतदारांत बायडेनना ६१ टक्के. दोन दिवसांत पीट बुटेजज आणि एमी क्लोबुचार हे आणखी दोन उमेदवार मैदानाबाहेर झाले. ३ मार्चच्या सुपर ट्युसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी प्रायमरी असते त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं बायडेनकडे गेली. अलाबामा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी इथे पुन्हा तेच मतदार. डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, वाटताना ज्या मतदारसंघांत आधी डेमोक्रॅटिक मतं जास्त पडली तिथे जागाही जास्त मिळतात, त्यामुळे कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या मतदारसंघांचं वजन आणखी वाढतं. त्यांची मतं टक्क्यांत मोजणाऱ्यांच्या नजरेतून हे गणित नेहमी सुटतं.

त्या रात्री आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "यांना कळत काहीच नाही, ओबामांचा माणूस म्हणून देतात मत." बरेच अंगठे वर झाले. शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली माणसं. मला इतका राग फार क्वचित आला आहे. २००८ च्या जानेवारीत याच राज्याने ओबामांना ५५ टक्के मतं दिली. त्याआधी इथले अनेक कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटनबरोबर होते. आयोवाचे गोरे लोक ओबामांना मत देतात हे बघितल्यावरच ते वळले. २०१६ मध्ये त्यांनीच क्लिंटनना भरभरून मतं दिली. समोरच्याचा अंदाज घेऊन टाकलेली पावलं आहेत ही. २००४ मध्ये इथे जॉन एडवर्ड्स जिंकले आणि उमेदवारी जॉन केरींना मिळाली, म्हणजे दरवेळी त्यांचंच खरं होतं असंही नाही. तरुण कृष्णवर्णीय मतदार सँडर्सकडे जास्त ओढले गेले होते, आणि आईआजीच्या या सावध हिशेबाचा त्यांना कंटाळा आला होता. विद्यापीठाजवळच्या केंद्रावर उभी असते तर कदाचित आज मी त्यांच्याबद्दल लिहिलं असतं.

कामाचा अहवाल देताना मी पर्यवेक्षकांना सुचवलं की कागदावर एक प्रश्न वाढवा: जिंकण्याहरण्याचा विचार बाजूला ठेवला तर तुमची पसंती कुणाला? कृष्णवर्णीय मतदारांचे ६१ टक्के मग दोन भागांत दिसतील, आवडीने दिलेले आणि हिशेबाने दिलेले. त्यांचं उत्तर आलं की प्रश्न वाढला की कागद अर्धवट सोडणारे वाढतात. ते बरोबर आहे, मी स्वतः ते बघितलंय. पण मग टीव्हीच्या रंगीत तक्त्यांसाठी घातलेला एखादा प्रश्न काढता येईल, असं मी पुन्हा लिहून पाठवलं. २०२४ मध्ये पक्षाने साउथ कॅरोलायनाला आयोवा-न्यू हॅम्पशायरच्या आधी, अधिकृत यादीत पहिला क्रमांक दिला. माझ्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे.