चार नंबरची टाकी

रात्रीचे सव्वादहा. खाली ओसरीत कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीची, गाणी चालू आहेत, काकूचा आवाज पार बसलाय तरी थांबायचं नाव नाही, आणि मी गच्चीवर मोबाईल घेऊन बसलोय कारण खाली गेलो की कोणीतरी परत ट्रॉफी काढून आणणार आणि परत पहिल्यापासून सांगायला लावणार. आज दिवसभरात नऊ वेळा सांगून झालं. दहाव्यांदा सांगताना मी बहुतेक खरं बोलून टाकेन, म्हणून वर आलो.

खरं म्हणजे काय, तर फार काही नाही. आठ मिनिटं.

मी पिशवी आठव्या मिनिटाला उघडली.

झालं, लिहून टाकलं. आता वाचणाऱ्याला वाटेल एवढ्यासाठी हा माणूस कानबाईच्या दिवशी गच्चीवर डास खात बसलाय. मलाही तसंच वाटतंय. पण काल एसटीत एरंडोल येईपर्यंत हेच डोक्यात, पारोळ्याला उतरल्यावर हेच, आज सकाळी आजीने रोटासाठी, कानबाईच्या नैवेद्यासाठी, माझ्या नावाची सव्वा मूठ बाजूला काढली तेव्हाही हेच. आठ मिनिटं. वीस पाहिजे होती.

कालच्या मत्स्यपालन स्पर्धेत पाच टेबलं होती. पहिल्यावर मासे ओळखा. बाटल्यांमधले, फॉर्मेलिनमध्ये पांढरेफटक पडलेले. त्यातला मृगळ इतका जुना की आपण मृगळ होतो हे त्याला स्वतःलाही आठवत नसेल, पण तोंड खालच्या अंगाला वळलेलं दिसलं म्हणून लिहून टाकलं, तळातलं खाणारा मासा. कटला सोपा, मोठं डोकं आणि तोंड वर. मरळ आणि वाम तर शेंबडं पोरगंही सांगेल. दुसऱ्या टेबलावर पाण्यातला ऑक्सिजन, ते माझ्या जोडीदाराचं, पिंट्याचं खातं. बाटलीत एकही बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट, अल्कलाइन आयोडाइड, तपकिरी साका खाली बसला की ॲसिड, मग स्टार्चचा निळा रंग जाईस्तोवर ब्युरेटमधून थेंब थेंब. पिंट्या एरवी सिग्नलला थांबत नाही पण ब्युरेटसमोर त्याचा साधू होतो. साडेपाच आलं. लिटरमागे पाच मिलीग्रामच्या वर म्हणजे मासा खुश. तिसऱ्यावर खाद्याचा हिशोब, १००० मासे, सरासरी ५० ग्रॅमचा एक, वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोजचं दीड किलो, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मानिम्मा. हे मी झोपेतही सांगतो.

चौथ्यावर फाटलेलं जाळं शिवायचं. तिथे आमची लाज निघाली. प्रकाशा गावाकडचा एक पोरगा होता, तापीकाठचा, त्याने सुई कधी घातली कधी काढली कळलंच नाही, परीक्षक घड्याळ बघायचं विसरून त्याच्या बोटांकडे बघत बसले. पिंट्याने बुटाच्या लेससारखी गाठ मारली. त्यावरून आमचं काय बोलणं झालं ते जाऊ द्या.

मधे तोंडी प्रश्नही होते. १० जुलैला काय असतं, तर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. का, तर १९५७ साली त्या तारखेला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. त्याआधी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, पाहिजे तर पावसाळ्यात नदीला जाळं लावून बसा आणि जे येईल ते माना. मग विचारलं, तळ्यातले नको असलेले मासे काढायला काय टाकाल, मी म्हटलं मोहाची पेंड, हेक्टरी २५०० किलो. मागे धडगावकडची टीम बसेल होती, त्यातला एक हळूच म्हणे, इतला मोह पाण्यात? सगळे हसले. परीक्षकही.

म्हणजे तोपर्यंत सगळं मजेतच चालू होतं.

पाचवं टेबल म्हणजे टेबल नव्हतंच, मागच्या पत्र्याच्या शेडमधे ओळीने सहा टाक्या. आमची चार नंबर. प्रत्येकाला बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, एकेक पिशवी, खाली पाणी आणि वर ऑक्सिजन भरून फुगवलेली, तोंडाला रबर. ती टाकीत सोडायची. ज्याने कधी केलं नाही त्याला वाटतं यात काय, गाठ सोडा न ओता. पण पिशवीतलं पाणी वेगळं, टाकीतलं वेगळं. मी थर्मामीटर लावला तर पिशवी २६ आणि टाकी ३०. शिवाय प्रवासात माशांच्या श्वासाने पिशवीतला कार्बन डायऑक्साइड वाढेल असतो, त्याने पाण्याचा सामू खाली येतो. म्हणून बंद पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं. मग तोंड उघडून टाकीतलं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. मग पिशवी आडवी धरायची आणि आपण काहीच करायचं नाही. मासे ओतायचे नसतात, ते आपले आपण बाहेर येतात. पहिला एक येतो, दोन परत आत जातात, मग सगळे.

तर मी पिशवी ठेवली तरंगत. आणि उभा राहिलो.

आता इथे बघा, आधीच्या चारही टेबलांवर हाताला काम होतं. इथे वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, आणि समोर खुर्च्यांवर पन्नास-साठ लोक, तीन परीक्षक, एकजण मोबाईलवर शूटिंग करतोय. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. खिशात घातले तर उद्धट दिसतं, मागे बांधले तर शाळेतल्यासारखं. दोन नंबरवाल्यांनी पाच मिनिटांत गाठ सोडली आणि बादलीतून पाणी फेकावं तसे मासे ओतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मग सहा नंबर. मग तीन. आणि मग एक मॅडम हसून, अगदी प्रेमाने हो, म्हणाल्या, "काय रे, तुमचं काही सुरूच नाही झालं का अजून?"

सुरूच होतं मॅडम. तेच तर सुरू होतं.

असं म्हणायला पाहिजे होतं. सोपं वाक्य आहे. मी काय केलं, तर 'हो हो मॅडम' म्हणत रबर काढलं. पिंट्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आठ मिनिटं झाली होती, कारण माझं लक्ष माशांवर कमी आणि भिंतीवरच्या घड्याळावर जास्त होतं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही ना. हे तर सगळ्यात जास्त लागतंय. बाकीच्या पोरांनी पुस्तकात वाचलं असेल, मी आमच्या शेततळ्यात बघितलंय. ३० बाय ३० चं, प्लास्टिक टाकलेलं, पहिल्याच वर्षी दादांनी दोन हजार बीज आणलं आणि भर दुपारी गाडीतून उतरवून डायरेक्ट ओतलं, कारण गाडीवाल्याला घाई होती. त्या दिवशी सगळे मस्त पळाले खाली. दादा म्हणे बघ कसे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर आबा उभे होते, काही बोलत नव्हते, आणि पाण्यावर... असो. त्या वर्षीचं कर्ज आणि बाकीचं इथे नको.

पण त्यातून एक गोष्ट कळली होती की धक्का बसलेला मासा लगेच मरतोच असं नाही. त्या वेळी चांगला पळतो. तुमच्यासमोर टाळ्या घेतो. मरायचं ते दुसऱ्या दिवशी.

आणि स्पर्धेचे मार्क दहा मिनिटांनी दिले.

दहा मिनिटांनी आमच्या टाकीत सगळे जिवंत, सगळे पोहताय, एकही उलटा नाही. दोन नंबरवाल्यांचेही सगळे जिवंत. कागदावर 'वेळ' नावाचा वेगळा रकाना होता, पाच मार्कांचा, त्यात त्यांना पाच आणि आम्हाला तीन. म्हणजे मी घाई केली ती केली आणि घाईचे मार्कही पूर्ण मिळाले नाहीत. धड इकडचा नाही धड तिकडचा नाही. वीस मिनिटं थांबलो असतो तर शून्य मिळाला असता आणि आज खाली बसून खीर हाणली असती.

बरं, दुसरा नंबर आला. शेऱ्यात काय लिहिलं माहितीये? 'शांत व शास्त्रशुद्ध हाताळणी.' सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, पाठीवर थाप मारली, म्हणे याला म्हणतात संयम. मला वाटलं जमीन फाटावी. पिंट्या शेजारी उभा राहून समोसा खात होता. तो काही बोलला नाही. एसटीतही नाही. पाळधी गेल्यावर म्हणे, "जाऊ दे ना भो, जिंकलो ना." जिंकलो ना.

काल रात्री मी खरंच रडलो थोडा. माझ्यात एक काहीतरी लोचा आहे, कोणी बघत असलं की मला जे येतं तेही येत नाही. बारावीच्या तोंडीला असंच, ताईच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर असंच, आणि त्या दुसऱ्या वेळी तर, ते तर मी कुठेच लिहिणार नाही. एकट्याला वाट बघायला लावा, मी शेततळ्यावर तासन् तास बसतो. चार लोक समोर ठेवा की लगेच काहीतरी करून दाखवायची खाज सुटते. आबा नेहमी म्हणतात, "इतली घाई कशाले करस?" मला वाटायचं ते जेवणाबद्दल बोलताय.

आज दुपारी मात्र जरा हसू आलं. ट्रॉफी नीट बघितली पहिल्यांदा. घाईत कोणीतरी दुकानातून आणली असणार, वर कप, खाली पाटी 'मत्स्यपालन कौशल्य स्पर्धा', आणि पाटीच्या वर सोनेरी रंगाचा उड्या मारणारा डॉल्फिन. डॉल्फिन! सस्तन प्राणी! झूलॉजीच्या लोकांनी झूलॉजीच्या पोरांना मासे पाळल्याबद्दल डॉल्फिन दिला आणि तीन परीक्षक, एक प्राचार्य, कोणाला काही वाटलं नाही. पहिल्या नंबरवाल्यांकडे याहून मोठा डॉल्फिन आहे. आजीने तर तो हात लावायच्या आधी गोमूत्र शिंपडलं, श्रावणात मासा घरात आणला म्हणून. मी म्हटलं आजी हा मासा नाही. ती म्हणे मग त्यावर मासा का लिहेल शे. काय सांगणार.

तरी डोक्यातून ती टाकी जाईना. जिवंत असतील का. आज रविवार, म्हणजे बरोबर तो 'दुसरा दिवस'. शेवटी आत्ता थोड्या वेळापूर्वी तिथल्या वॉचमन काकांना फोन लावला. काल डबा विसरलो होतो तेव्हा नंबर घेतला होता. रात्रपाळीला असतात, जागेच होते.

"काका, त्या शेडमधल्या चार नंबरच्या टाकीत मासे आहेत का बघता का जरा?"

"कोणत्या टाक्या? त्या तर कालच संध्याकाळी खाली करून घेतल्या. मंडपवाल्याच्या होत्या ना त्या."

"मग मासे?"

"सगळे बागेतल्या हौदात टाकले."

"मेले का काही?"

"सकाळी पाच-सात उलटे दिसत होते बुवा. काढून टाकले मी."

"कोणत्या टाकीतले होते पण?"

काका जरा थांबले. बहुतेक मी दारू पिऊन फोन केलाय का याचा अंदाज घेत असतील. मग म्हणे, "आता त्यांच्या अंगावर काय नाव टाकेल व्हतं का रे भो?"

मी विचारलं हौदात कसे सोडले, पिशवीत ठेवून वगैरे. तर म्हणे, "बादलीनी. नाहीतर काय, एकेकाले हात धरीसन नेवाले पाहिजे व्हतं?"

म्हणजे आम्ही पाच मिनिटं थांबलो काय, आठ थांबलो काय आणि वीस थांबलो काय, संध्याकाळी सगळ्यांची बादली एकच. मी फोन ठेवला आणि एकटाच हसलो गच्चीवर, मोठ्याने, पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी बॅटरी मारली. आणि हसून झाल्यावर परत तेच. पाच-सात. सहा टाक्या होत्या, म्हणजे हिशोबाने माझ्या वाट्याला एखादा येतो. किंवा सगळे माझेच असतील. किंवा सगळे बादलीचे. पिंट्याला मेसेज टाकला, त्याने नुसता डॉल्फिन पाठवला.

पुढच्या आठवड्यात आमचं बीज येणार आहे, पंधराशे. दादा म्हणताय की या वेळी तूच सोड, तू तर आता सर्टिफिकेटवाला. गावातले चार-पाच जण बघायलाही येणार म्हणे. मी दादांना म्हटलं पहाटे साडेपाचला बोलवा गाडी. म्हणे का रे, ऊन नको म्हणून का? मी म्हटलं हो, ऊन नको म्हणून.

खालून आजीची हाक आली, "अरे, ती ट्रॉफी लई ये रे खाले, धुळानी मावशी उनी!"

दहावी वेळ.