आमदाराने विधेयकाला विरोध केला की नाही, हे शोधताना आलेला माझा अनुभव

आपला आमदार एखाद्या विधेयकाच्या विरोधात होता का आणि होता तर का, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी किती खटपट करावी लागते ते मला जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी कळलं म्हणून सविस्तर लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

हे म्हणजे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनांवर बंदी घालायचं आणि त्यांच्या सदस्यांना शिक्षा करायचं, सन २०२४ चं विधानसभा विधेयक क्रमांक ३३. जुलै २०२४ मध्ये आलं, तसंच राहिलं, मग डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात परत मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या, मुदत १ एप्रिल २०२५. विधिमंडळाच्या वेबसाईटवर विधेयकं मराठीत असतात, मी प्रिंट काढून वाचलं. आधी शेवटचं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' वाचा, सरकार काय म्हणतंय ते समजतं, मग थेट व्याख्यांच्या कलमावर या, कारण सगळं तिथेच ठरतं. इथे 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या इतकी पसरट की शांतपणे केलेलं आंदोलनही त्यात बसवता येईल अशी मला भीती वाटली, आणि बंदी घातलेल्या संघटनेचा नुसता सदस्य असला तरी ३ वर्षांपर्यंत कैद, तीही अजामीनपात्र. माझी हरकत तेवढीच होती, ती पाठवली. एकूण बारा हजारांवर सूचना आल्या म्हणे. समितीने बदल केले, 'व्यक्ती आणि संघटना' अशा मोघम शब्दांच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आला, पण व्याख्येबद्दलची माझी शंका काही त्याने मिटली नाही.

१० जुलै २०२५ ला विधानसभेने विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही मंजूर झालं. आमचे आमदार विरोधी पक्षाचे, त्यांच्या फेसबुकवर लगेच विरोधाची पोस्ट. म्हटलं ठीक, पण सभागृहात काय केलं ते कुठे बघायचं?

तर आवाजी मतदानात असं होतं की विधानसभेचे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असणारे 'होय' म्हणतात, प्रतिकूल असणारे 'नाही', आणि बहुमत कुणाचं ते अध्यक्ष जाहीर करतात. २८८ पैकी कोण काय म्हणालं याची यादी कुठेच नसते. नावानिशी मत हवं असेल तर सभागृहात कुणीतरी मतविभागणी, म्हणजे एकेकाच्या मताची मोजणी, मागावी लागते. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने झाला तेव्हा यावरूनच केवढा गदारोळ झाला होता, आणि जुलै २०२२ मध्ये अध्यक्षांच्या निवडणुकीला एकेक आमदार उभा राहून मोजला गेला, १६४ विरुद्ध १०७. म्हणजे मोजायचं ठरवलं तर मोजता येतं हो! जनसुरक्षाच्या वेळी विधानसभेत उघड विरोध केला म्हणून बातम्यांमध्ये मला एकच नाव सापडलं, डहाणूचे माकपचे विनोद निकोले.

आणि सभात्यागाचं पण समजून घ्या. मोजणी फक्त हजर राहून मत देणाऱ्यांची होते, बाहेर गेलेला माणूस विरोधात धरलाच जात नाही. निषेध म्हणून त्याला अर्थ आहे पण ते मत नव्हे.

मग आमदारांच्या ऑफिसात गेले. पीए म्हणाले, "ताई, साहेबांचा विरोधच होता ना, पेपरात आलंय." मी लेखी तीन प्रश्न दिले: मंजुरीच्या वेळी तुम्ही सभागृहात होतात का, 'नाही' म्हणालात का, कुठल्या कलमामुळे. बरेच दिवस काहीच उत्तर नाही, सारखा फोन लावत राहिले, शेवटी साहेबांनीच भेटायला बोलावलं.

ते सरळ बोलले याचं मला खरंच बरं वाटलं. "ताई, मी चर्चेत प्रश्न विचारले, मतविभागणी मागितली नाही. समितीत आमचीही माणसं होती, अहवालाला एकानेही भिन्न मतपत्रिका, म्हणजे आपल्या असहमतीची लेखी नोंद, जोडली नाही, मग मी एकटा उभा राहून काय करणार होतो?" मी म्हटलं साहेब, एकट्याने उभं राहिलात तरी निदान नोंद राहिली असती. व्हीपचा, म्हणजे कसं मत द्यायचं या पक्षाच्या आदेशाचा, विषय त्यांनीच काढला. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदीचा कायदा) व्हीप मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते, हे खरंय. पण या विधेयकाला आपल्याला व्हीप होता असं काही ते म्हणाले नाहीत. आणि असता तरी व्हीप मताला बांधतो, मतदाराला कारण सांगायला कुठे अडवतो?

मग त्यांनी कपाटातून दुसऱ्या काही विधेयकांच्या फायली काढल्या. कलमवार पेन्सिलीने टिपणं, दिलेल्या दुरुस्त्या, कुठल्या फेटाळल्या, कुठे आणि का 'नाही' म्हणायचं ठरवलं, सगळं होतं त्यात! मी बघतच राहिले. हा माणूस इतकं काम करतो आणि मतदारसंघात कुणाला पत्ताच नाही, आम्हाला दिसतात ते वाढदिवसाचे बॅनर. मी तिथेच विनंती केली की हेच एका पानावर लिहून टाका, विधेयकाचं नाव, तुमची भूमिका, कलम, कारण. पुढच्या अधिवेशनापासून टाकतो म्हणाले, पीएंना तसं सांगितलंही माझ्यासमोर.

तुम्हाला हे करायचं असेल तर विधेयक मंजूर व्हायची वाट बघू नका. विधेयकं अधिवेशनात मांडली की वेबसाईटवर येतात, आणि बऱ्याचदा मांडल्यापासून मंजुरीपर्यंत थोडेच दिवस मिळतात, तेवढ्यात आमदारांना लेखी कळवा की अमुक कलमावर माझी हरकत आहे, तुम्ही विरोधात असाल तर मतविभागणी मागा. पत्राची पोच घ्या, आणि पत्रात कलमाचा नंबर नक्की टाका.