बाबांची वही आणि २४३ तबकड्या : आमची वाटचाल

बाबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. विजेचे खांब यायच्या आधीपासून तिथं लग्नात गाणी वाजत, ती बाबांच्या बैलबंडीतून आलेली असत. एक भोंगा, बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर, चावी भरून फिरवायचं मशीन आणि गाण्यांच्या तबकड्यांची, म्हणजे रेकॉर्डची, लाकडी पेटी. कडुनिंबाच्या शेंड्याला भोंगा बांधला की वऱ्हाडाला लग्नघर विचारावं लागत नसे. पुढे वीज आली, मशीन बदललं, मग कॅसेट आल्या आणि पेटी माळ्यावर गेली.

पेटीतल्या प्रत्येक तबकडीच्या लेबलावर बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला होता, १ ते २४३. सोबत हिशेबाची एक लांबोडकी वही. तिच्यात नंबर, गाणं, कुठून आणली, केवढ्याला आणली, आणि पुढं कोणाच्या लग्नात किती वेळा वाजली त्याच्या उभ्या रेघा. रेघा सुयांसाठी होत्या. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीला पोलादी सुई लागते आणि ती एका बाजूपुरतीच चालवायची असते. गाणं संपलं की सुई टाकून द्यायची. दुसऱ्यांदा तीच लावली तर बोथट टोक खाचा खरवडतं. किती सुया गेल्या हे कळावं म्हणून बाबा रेघ मारत.

२००८ साली बाबा गेले. पुढच्या वर्षी एका मोठ्या शहरातला व्यापारी गावोगाव फिरत आमच्याकडे आला. दहा रुपयांना एक या भावानं आम्ही अख्खी पेटी देऊन टाकली. २,४३० रुपये आले. आईनं त्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, नवी माती टाकून घेतली. सहा महिन्यांनी भाच्यानं इंटरनेटवर एक फोटो दाखवला. ७८ची तबकडी, किंमत ९०० रुपये, आणि लेबलावर पांढऱ्या रंगात ११७. बाबा सातच्या पोटात आडवी रेघ मारायचे. तो सात मी ओळखला.

पैसे गेले याचं वाईट वाटलं, पण ते थोडं. वही घरात राहिली आणि तबकड्या गेल्या, याचं फार लागलं. जुन्या तबकड्या घेऊन विकायच्या आमच्या धंद्याची सुरुवात तिथून झाली.

दारव्ह्याला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जुने प्लेअर सुरू करणं जमत होतं. बायकोनं माहेरी संगीताची मध्यमा परीक्षा केलेली. तिचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. बाबांच्या वयाच्या सगळ्या स्पीकरवाल्यांची आम्ही यादी केली. दिग्रस, पुसद, नेर, आर्णी, तिकडं कारंजा आणि मंगरूळपीर. काही जण गेले होते, काहींची मुलं आता डीजे चालवत होती. पहिल्याच घरी आजोबा म्हणाले, "कायले पायजे बाप्पा तुमाले हे? घासून घासून पांढऱ्या झाल्या." खरंच झाल्या होत्या. तरी आम्ही त्या घेतल्या. ढिगाच्या भावानं मात्र आम्ही तेव्हाही घेतल्या नाहीत आणि आजही घेत नाही. उचलताना काही पैसे देतो, घरी आणून एकेक ऐकतो आणि उरलेले पैसे ऐकल्यावर ठरतात. एखादी चांगली निघाली तर ठरल्यापेक्षा जास्त देतो. आमच्या पेटीच्या वेळी जे घडलं ते दुसऱ्याच्या घरी आमच्या हातून घडू नये, एवढंच त्यामागं आहे.

ऐकणं हेच आमचं मुख्य काम. या धंद्यात मिंट (कोरी), निअर मिंट (जवळपास कोरी), व्हीजी प्लस (थोडी वापरलेली) अशा दर्जाच्या प्रती ठरलेल्या आहेत आणि बहुतेक विक्रेते उजेडात तिरकी धरून, डोळ्यांनी पाहून प्रत लावतात. स्पीकरवाल्यांच्या तबकड्यांना ही रीत लागू पडत नाही. चकचकीत दिसणारी तबकडी बोथट सुईनं आतून खाल्लेली असते, तर ओरखड्यांनी भरलेली एखादी स्वच्छ वाजते. म्हणून बायको दोन्ही बाजू पूर्ण ऐकते आणि चिठ्ठीवर साध्या मराठीत लिहिते: "सुरुवातीला खरखर, पहिल्या अंतऱ्यानंतर साफ. दुसऱ्या बाजूला आवाज चढतो तिथं फाटतो." ती चिठ्ठी तबकडीसोबत जाते. पहिल्या दोन वर्षांत आम्ही नुसत्या प्रती लिहून माल पाठवला, तेव्हा बराच परत आला. चिठ्ठ्या सुरू केल्यापासून परत येणारी पाकिटं जवळपास थांबली. खरखर आहे हे आधी सांगितलं तर गिऱ्हाईक ती मान्य करतो, हा आमचा अनुभव.

सुईचं गणित इथं सांगितलंच पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात. ७८च्या खाचा रुंद असतात. त्यांना लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.०७५ मिलिमीटर, तर एलपीच्या, म्हणजे ३३ गतीच्या मोठ्या तबकडीच्या, सुईची ०.०१८च्या आसपास. एलपीच्या सुईनं ७८ लावली की टोक खाचेच्या तळाशी धुळीत लोळतं आणि नुसता गाळ ऐकू येतो. उलट, ७८ची सुई एलपीवर ठेवली तर तबकडीच संपली. आम्ही ७८ विकतो तेव्हा आधी विचारतो, सुई कोणती आहे? नसेल तर गाणं आधी मोबाइलवर उतरवून पाठवतो. तबकडी सुई आल्यावर पाठवतो.

जुनी ७८ लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. भंडारा-गोंदियाकडे पळसावर जी लाख धरते, तीच ही जिन्नस. विनाइल, म्हणजे प्लास्टिकची तबकडी, नंतर आलं. अमेरिकेत एलपी १९४८ साली निघाली, ४५ गतीची लहान तबकडी १९४९ साली. हा फरक आम्हाला नुकसान सोसून कळला. एका नाट्यगीताच्या तबकडीवर बुरशी होती म्हणून मी फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसली. एलपी पुसताना चाललं होतं, इथंही चालेल असं वाटलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडकं काळं झालं आणि त्या जागचा आवाज कायमचा गेला. पुसद भागातल्या एका आजींनी ती विश्वासानं दिली होती. मी त्यांना जाऊन सांगितलं. तेव्हापासून ७८ला फक्त डिस्टिल्ड पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मखमलीचा तुकडा. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही.

विदर्भाचा उन्हाळा हा विनाइलचा खरा वैरी. २०१२च्या मे महिन्यात कारंज्याहून साठेक एलपी आणल्या आणि दुकानात टिनाखाली ठेवल्या. बाहेर ४५ अंश, टिनाखाली किती असेल ते समजून घ्या. चार दिवसांत त्यातल्या एकवीस वाटीसारख्या वाकल्या. गाणी चांगली, कव्हरं कोरी, पण सुई उड्या मारायची. काचांच्या मध्ये दाबून काही सरळ केल्या, बाकी गेल्या. मग सगळा माल घरी हलवला, आईनं माती टाकून घेतलेल्या त्या धाब्याच्या खोलीत. दोन हातांची मातीची भिंत, वर मातीचं धाबं, भर दुपारी तिथं गारवा असतो. कूलर मात्र तिथं लावत नाही, ओल धरते आणि कव्हरांना बुरशी येते. तबकड्या उभ्या ठेवतो, आडव्या रचत नाही. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत एलपी कोणाला पाठवतही नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेला डबा आम्हाला नको. या दोन महिन्यांची विक्री आम्ही सोडून दिली आहे.

कोणत्या घरात काय निघेल याचा आता अंदाज येतो. स्पीकरवाल्यांकडे सिनेमाची गाणी आणि कव्वाल्या, त्यातही कव्वाल्या सर्वांत झिजलेल्या, कारण उरुसात आणि लग्नात त्या रात्रभर फिरल्या. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या वाड्यांतून नाट्यसंगीत आणि शास्त्रीय, बहुधा कोऱ्या; दिवाणखान्यात ठेवायला घेतलेल्या. मास्तरांच्या घरी भावगीतं आणि भक्तिगीतं, चार गाण्यांच्या ४५च्या तबकड्या, कव्हरवर नाव आणि तारीख घातलेल्या. आणि वणी-घुग्गुसकडच्या कोळसा खाणींच्या वसाहतींतून इंग्रजी! बोनी एम आणि अॅबा तर हमखास. त्या काळात या बँडच्या एलपी भारतातच छापल्या जात, म्हणून त्या खाणीच्या वसाहतीपर्यंत पोचल्या. १९७५ नंतरच्या पेट्यांत ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोरची एलपी निघतेच. ती गाण्यांची नाही, तरी आजही मागणीत आहे.

संग्राहकांना हवं असतं ते वेगळंच. भारतात एलपी आल्यावरही ७८ बरीच वर्षं निघत राहिल्या, कारण खेड्यांत वीज नव्हती आणि चावीच्या मशीनवर तीच चालायची. त्यामुळे १९६०च्या दशकात बीटल्सचीही गाणी इथं ७८वर छापली गेली. जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्या शोधत असतात. आम्हाला अजून एकही मिळालेली नाही, पण खाणीच्या वसाहतीतली पेटी उघडताना मी आधी तेच पाहतो.

बायकोचा शोध निराळा. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिची तबकडी घरोघर गेली. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण तिथून मानतात. कवी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला. ‘शीळ’ची एक बरी तबकडी आम्हाला २०१६ साली मिळाली आणि ती विकायची नाही असं त्याच दिवशी ठरलं. वसंतराव देशपांडेही मूर्तिजापूरचे, जिथून शकुंतला रेल्वे आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळला जायची. विदर्भातलं गिऱ्हाईक त्यांच्या नाट्यगीतांची एलपी मागतं तेव्हा हे आवर्जून सांगतं, आणि आम्हालाही ते ऐकायला आवडतं.

लाखेची तबकडी पाठवणं जिवावरचं काम असतं. पहिल्या वर्षी आठपैकी तीन फुटून पोचल्या. आता तबकडी पाकिटातून बाहेर काढून वेगळी ठेवतो, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळी एकमेकींना आडव्या, कडेला दोन बोटं मोकळी जागा आणि हे सगळं मोठ्या खोक्यात चुरगळलेल्या वर्तमानपत्रांत. फुटली तर पूर्ण पैसे परत, वाद घालत नाही.

सिनेमाची साधारण ७८ आम्ही १५० ते ४०० रुपयांना देतो, स्वच्छ एलपी ६०० ते १,५००. यात आम्ही दोघं, पुठ्ठा कापायला येणारा गावातला एक मुलगा आणि मोबाइलवर यादी टाकणारा भाचा, एवढ्यांचं चालतं. दुरुस्तीचं दुकानही सुरू आहे. अलीकडे पंचविशीतली मुलं जास्त विचारतात. त्यांच्याकडे बहुधा पेटीसारखा स्वस्त प्लेअर असतो, त्याची सुई तबकडीवर पाच-सहा ग्रॅमनं दाबते, चांगल्या प्लेअरची दोनच्या आसपास. त्यांना आम्ही कोरी तबकडी देण्याऐवजी आधी एखादी झिजलेली देतो, प्लेअर बदलला की चांगली घ्या म्हणतो.

बाबांच्या २४३पैकी आजवर ३४ परत मिळाल्या. काही गिऱ्हाइकांनी लेबलावरचा पांढरा नंबर पाहून स्वतः कळवलं. ११७ मागच्या वर्षी पुण्याहून आली. मूळ ९००ची, आम्ही १,४०० दिले. वहीत ११७समोर अठ्ठावीस रेघा आहेत आणि शेवटची माझ्या आत्याच्या लग्नातली. आत्याला बोलावून ती लावली. खरखर खूप आहे. आत्या म्हणाली, "तवाबी अशीच वाजे रे, भोंगाच फाटका होता."

तुमच्या घरी, शेजारी, आजोळी अशी पेटी असेल तर तबकड्यांना पाणी-फडकं लावू नका, त्या आडव्या रचू नका, उन्हात काढू नका. आम्ही रविवारी येतो, मे महिना सोडून. आणि पेटीसोबत स्पीकरवाल्याची वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. वहीचे आम्ही वेगळे पैसे देतो. तुम्हाला ती ठेवायची असेल तर पानांचे फोटो काढून वही तुमच्या हातात परत देतो.