आजी-आजोबा, पावणेदोन वर्षांची लेक आणि स्वित्झर्लंडचे दहा दिवस

जूनच्या शेवटी आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला जाऊन आलो. बाबा म्हणजे माझे सासरे 72 वर्षांचे, आई 68, आम्ही दोघं आणि पावणेदोन वर्षांची लेक. निघण्यापूर्वी जो तो विचारायचा, "म्हातारी माणसं आणि तान्हं पोर, एकाच वेळी कसं जमवणार?" तिथे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आजी-आजोबा आणि नात यांचं घड्याळ एकच आहे. तिघंही पहाटे साडेपाचला जागी. साडेअकराला तिघांनाही भूक, दुपारी तिघांनाही आडवं व्हायचं असतं आणि रात्री आठला तिघंही पेंगतात. घड्याळ वेगळं होतं ते आमचं दोघांचं. आम्ही ते त्यांच्याशी जुळवून घेतलं आणि पुढचे दिवस सोपे गेले.

नवऱ्याचा पहिला बेत पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम असा होता. तो आम्ही रद्द केला, आणि या सहलीतला सगळ्यांत चांगला निर्णय तोच. एक देश, दोन मुक्काम: ल्युसर्नला चार रात्री, इंटरलाकनजवळच्या विल्डर्सविलला पाच. बॅगा एकदाच हलवायच्या. दोन्हीकडे स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन असलेली घरं घेतली. घर ठरवताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. तिथला 'पहिला मजला' म्हणजे एक जिना चढून जायचा मजला. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, हेही बघा. बॅगा, बाबागाडी आणि दुखरे गुडघे घेऊन दहा मिनिटांचा चढ फार होतो.

व्हिसाचा अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही आणि बारा वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. ज्येष्ठांसाठी मात्र तेवढ्यावर थांबू नका. बाबांना रक्तदाब आहे, म्हणून आधीपासूनच्या आजारांना संरक्षण देणारा विमा आम्ही शोधून घेतला. तो महाग पडला, पण इथे काटकसर नको. औषधं मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत असू द्या.

विमानाचं तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागितली. आईंना आधी संकोच वाटत होता, "मला चालता येतं ग." पण मोठ्या विमानतळांवरचं चालणं आणि रांगेत उभं राहणं वाचलं, त्यामुळे उतरल्यावर दोघंही ताजे होते. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट लागत नाही; पण परतीच्या आधी दुसरा वाढदिवस येत असेल तर त्या प्रवासाला सीट घ्यावी लागते, तारखा तशा बघा.

खाण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण घरच्यांना हीच काळजी जास्त होती. तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत. आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि एक लहान कुकर नेला. तुपाचं काय, तर आईंनी पहिल्याच संध्याकाळी दुकानातून बिनमिठाचं लोणी आणलं आणि कढवलं. ल्युसर्नच्या त्या घरात तूप कढल्याचा वास सुटला आणि लेकीने दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर मऊभात खाल्ला. दूध, दही, फळं तिथे उत्तम मिळतात. नळाचं पाणी पिण्याचंच असतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनांवरची उघडी असतात.

आम्ही टॅक्सी घेतलीच नाही. लेकीसाठी कारसीट शोधण्यापेक्षा रेल्वे बरी. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस आणि तलावातल्या बोटी चालतात. ज्येष्ठांना त्यात वेगळी सवलत नाही, सहा वर्षांखालची मुलं मोफत. काही दुमजली इंटरसिटी गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला घसरगुंडीचा डबा असतो, तो रेल्वेच्या ॲपमध्ये दिसतो. आजोबा खाली खिडकीशी, नात वर घसरगुंडीवर!

आमच्यासारख्या कुटुंबाने एकच डोंगर करायचा असेल तर तो रिगी. ल्युसर्न स्टेशनसमोरच बोट लागते, तासाभरात फिट्सनाऊ. धक्क्यालगतच दातेरी रुळांवरची गाडी उभी असते. 1871 साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. बोट आणि गाडी दोन्ही पासमध्ये. उंची 1,800 मीटरच्या आत, त्यामुळे कोणालाच त्रास झाला नाही.

युंगफ्राऊयोख या बर्फाळ खिंडीतल्या रेल्वे स्टेशनचं तसं नाही. ते 3,454 मीटरवर, आणि विल्डर्सविल 600 मीटरच्याही खाली. दोन-अडीच तासांत एवढं चढायचं. लेकीच्या डॉक्टरांनी तिला नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. बाबांची मात्र मनापासून इच्छा होती. त्यांच्या डॉक्टरांना पुण्यातच विचारून ठेवलं होतं, म्हणून ते आणि नवरा गेले. वर पोचल्यावर अर्धा तास नुसते बसले, मग सावकाश फिरले. आई, मी आणि लेक विल्डर्सविलहूनच निघणाऱ्या जुन्या दातेरी गाडीने शिनिगे प्लाटे या डोंगरावर गेलो. तिथून आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरं समोर दिसतात, आणि शेजारी डोंगरी फुलांची बाग आहे. लेक झोळीत झोपली होती. आई बाकावर बसून बराच वेळ युंगफ्राऊकडे बघत राहिल्या. "हे आत्ता तिथे असतील," त्या म्हणाल्या. दिवसभर वेगळे राहिलो म्हणून संध्याकाळी प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. अशी फाटाफूट एक-दोनदा जरूर करा.

एक चूक मात्र झाली. लाउटरब्रुनेन खोऱ्यातल्या ट्र्युमेलबाख धबधब्याच्या दारापर्यंत गेलो, आणि तिथे कळलं की चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. आत ओले जिनेही आहेत, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांनाही ते जमलं नसतं. लेक रडली, आम्ही हिरमुसलो. शेवटी गावात परतून 297 मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा खालूनच पाहिला, आणि तोच सगळ्यांना आवडला. ठिकाण ठरवताना वयाची अट आणि पायऱ्या आदल्या रात्री बघा.

काही बारीक गोष्टी. जूनमध्ये रात्री साडेनवालाही उजेड असतो, लेकीला झोपवायला जाड पडदे किंवा शटर असलेली खोली हवी. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांना अनेकदा पैसे पडतात, सुटी नाणी आईंच्या पर्समध्येच ठेवा. गाडीतली फुकट असतात. पाण्याचा जेट कुठेच नसतो, एक रिकामी बाटली जवळ असू द्या. रुग्णवाहिकेचा नंबर 144, तो सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवला होता.

परतताना मुंबईत रात्री उतरलो. लगेच पुण्याची गाडी न धरता विमानतळाजवळ खोली घेतली होती. बाबांनी सकाळी आठपर्यंत झोप काढली, लेक त्यांच्या कुशीत होती, आणि आम्ही दुपारी जेवून निवांत निघालो.