एक नोव्हेंबरला फोन का उचलत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आजवर टोलवतच आलेय. पुण्याची नणंद दरवर्षी विचारते, "वहिनी, वाढदिवसालाच फोन बंद? वयाची एवढी काय धास्ती?" शाळेत नव्याने आलेल्या मुली अडून अडून विचारतात. पुण्याकडच्यांना वाटतं मी वय लपवते. बेळगावातल्यांना वाटतं मी काळा दिन पाळते. दोघांनाही मी "तसंच काहीतरी" म्हणते आणि चहा ठेवायला उठते.

माझा जन्म 1 नोव्हेंबर 1967 चा. बेळगावात या तारखेबद्दल वेगळं सांगायला लागत नाही. 1956 ला ज्या दिवशी आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, तो हा दिवस. चन्नम्मा चौकात कन्नड राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि डीजे, इकडे महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची संभाजी उद्यानातून काळ्या कपड्यांतली सायकल फेरी. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मी सहा वर्षांची झाले त्या दिवशी म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि सत्तेचाळीस पूर्ण केली त्या दिवशी बेळगावचं बेळगावी. बाकीच्यांना वाढदिवसाला साडी मिळते, मला सरकारी अधिसूचना.

आप्पांचे वडगावात माग होते. एक तारखेला माग बंद, दंडाला काळी फीत, घरात गोडधोड नाही. वादच नव्हता. आई मला तिथीने ओवाळायची, म्हणजे आश्विन अमावस्येला. माझा जन्म लक्ष्मीपूजनाचा, त्यामुळे पणत्या तशाही लागलेल्याच असायच्या आणि करंज्या तळलेल्याच असायच्या. वेगळं काही करायला नको, म्हणून आईचं बरं चाललं होतं. घोटाळा व्हायचा तो तिथी आणि तारीख एकत्र आल्या की. दर एकोणीस वर्षांनी येतात: 1986, 2005, 2024. 1986 ला तर जूनमध्येच कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली होती. त्या दिवाळीत आमच्याकडे करंज्यांचा डबा उघडायचा की नाही यावरून सकाळपासून कुणी कुणाशी धड बोललं नाही. संध्याकाळी आईने आप्पांना न विचारता पाट मांडला. आप्पा उठून माडीवर गेले. मी एकोणीस वर्षांची घोडी, पाटावर बसून हमसून हमसून रडले, आणि कशासाठी रडतेय ते मला सांगता येईना.

पण तुम्हाला ऐकायचंय ते 2017 चं. तुमच्यातल्या निम्म्याजणींनी ते उलटसुलट ऐकलंही असेल.

मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. आवार एकच, एका बाजूला कन्नड शाळा, दुसऱ्या बाजूला आमची. पगार कर्नाटक सरकारचा. राज्योत्सवाला झेंडावंदनाला हजर राहावंच लागतं, आणि मी राहते, कधी चुकवलेलं नाही. त्या वर्षी मला पन्नास पूर्ण होत होती. कन्नड शाळेतल्या मॅडमना माझ्या सर्व्हिस बुकवरून तारीख ठाऊक होती. झेंडावंदन झालं, मुलांना लाडू वाटून झाले, आणि त्या मॅडमनी कपाटामागून केक काढला. वर पिवळा, खाली लाल. मधोमध कन्नडमध्ये माझं नाव. त्या दिवशी बेकऱ्यांमध्ये दुसऱ्या रंगाचा केक शोधून मिळत नाही, त्यात कुणाचा डाव नव्हता. माझ्या खांद्यावर शालही त्याच रंगांची होती, सकाळी सगळ्यांनाच घातलेली. त्या म्हणाल्या, "टीचर, कट माडी." मी सुरी घेतली. लाल थराला बेकरीवाल्याने रंग इतका लावला होता की बोटं संध्याकाळपर्यंत गुलाबी राहिली. चव चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी मला असं विचारलं जणू मी तो नाक दाबून खाल्ला.

कुणीतरी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. तिथून तो माझ्या दादाकडे पोचायला दुपारही लागली नाही.

दादाची एक रीत होती. आप्पा गेल्यापासून फेरीत तोच जायचा, मराठा मंदिरातली सभा संपवायचा, आणि दिवेलागणीनंतर माझ्याकडे कुंद्याचा डबा घेऊन यायचा. आप्पांचा नियम सूर्य मावळेपर्यंतच, असं त्याने आपल्यापुरतं ठरवलं होतं. त्या दिवशीही आला. काळा शर्ट घामाने वाळून पांढरा पडलेला, हातात डबा. चप्पलही काढली नाही.

"हे काय करालीस तू?" म्हणून मोबाईल पुढे धरला.

"केक कापालीय. पन्नास झाली मला."

"आप्पा असते तर?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "आणि तुझ्या दुकानाची पाटी? वर मोठ्या अक्षरात काय लिहिलंयस?"

ती पाटी त्याने कोणत्या दिवशी, कुणाच्या दमदाटीने बदलून कन्नड केली ते मला माहीत होतं. मीच त्याच्याबरोबर पेंटरकडे गेले होते. तो काही बोलला नाही. डबा घेऊन उलट पावली गेला. पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेपर्यंत आमचं बोलणं नव्हतं, आणि त्या भाऊबीजेलाही तो ताटात पैसे टाकून अर्ध्या तासात उठला.

मी बोलले ते खरंच होतं, आजही मागे घेणार नाही. पोट भरायला त्याने पाटी बदलली, पोट भरायला मी शाल घेतली. मग फितूर एकटी मीच कशी? पण ज्या बायांनी माझा वाढदिवस लक्षात ठेवला त्यांच्याशी मी पुढे महिनाभर तुटक वागले, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

फोन बंद तेव्हापासून. म्हणजे भीती आहे, पण वयाची नव्हे, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही डळमळीत झालंय.

त्याआधी, चाळिशीत, मी सगळ्यांना ऐकवायची की वाढदिवस हे शिकल्यासवरलेल्यांचं खूळ, आपल्यात कुठे होतं असलं. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, मग लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल कशाला घेतला होतास? ती म्हणेल, तो मार्चमधला आहे, मार्चमध्ये कुणाचं काही बिघडत नाही. यावर माझ्याकडे बोलायला फारसं काही नाही.

गोष्ट अशी, की या तारखेच्या भांडणाने मला वयाकडे बघूच दिलं नाही. पन्नास झाली तेव्हा पन्नाशीचं काही वाटायला सवडच कुठे होती? मैत्रिणी केस रंगवू की नको यावर तासन्‌तास बोलायच्या, मी पाटी आणि केक यातच अडकलेली. 2024 ला पुन्हा लक्ष्मीपूजन आणि एक तारीख एकाच दिवशी आली. पूजा मांडताना हिशेब लागला: आई छप्पन्नाव्या वर्षी गेली, मला सत्तावन्न पूर्ण झाली. आता मी आईपेक्षा मोठी. हे कुठल्या झेंड्यावर ढकलता येईना. गुडघे दुखतात, शुगर आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि मला, लाज वाटते सांगायला, केक हवाय. साधा, पांढरा. कुणी तरी लाडाने आणलेला, आणि ज्याच्यावरून घरात कुणी कुणाला आप्पांची आठवण करून देणार नाही असा.

फोन चालू ठेवला तर तो येईल का? नणंदेला वाटतं येईल. ती पुण्यात राहते.

पुढचं सांगते. एक तारखेला जन्मलेल्या सरकारी नोकराला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त करतात. म्हणजे मी 31 ऑक्टोबर 2027 ला मोकळी, आणि एक तारखेला साठ पूर्ण. त्या दिवशी मी पहिल्यांदाच कुणाच्याही हजेरीपटावर नसेन. कन्नड शाळेतल्या मॅडमनी आत्ताच विचारून ठेवलंय, केक कुठल्या रंगाचा सांगू? दादाने मागच्या महिन्यात, इकडचं तिकडचं बोलता बोलता, विचारलं, "रिटायर झाल्यावर येतीस काय फेरीला?" दोघांनाही मी "बघू की" म्हटलंय. दादाला वर हेही सांगितलंय, की आलेच तर सायकल माझ्याच्याने होणार नाही, गुडघ्यांमुळे.