रेट्रो हँडहेल्ड घेताय? मग डी-पॅडची तक्रार कुठल्या ऑप्शनमध्ये टाकायची ते आधी बघून ठेवा

आधीच सांगतो, रेट्रो हँडहेल्डचा, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायच्या हातात मावणाऱ्या मशीनचा, हा धड रिव्ह्यू नाहीये. लिहायचा रिव्ह्यूच होता, पण वस्तू तपासायला जेवढा वेळ गेला त्याच्या दुप्पट ती बदलून घेण्यात गेला, त्यामुळे तेच जास्त येणार. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी: घ्या, पण बॉक्स उघडल्या उघडल्या गेम्स भरत बसू नका, आधी डी-पॅड तपासा. म्हणजे ते डावीकडचं, अधिकच्या चिन्हासारखं (+) दिशांचं बटण. बाकी सगळं नंतर.

मला हवं काय होतं तर लहानपणीचे टीव्हीला लावायचे गेम, निन्टेंडोचे हातातले गेम बॉय, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि जमलं तर थोडं प्लेस्टेशन वन. आधी हौस म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारली. तिथे तो चारशे गेम्सवाला छोटा डबा मिळतो, चारपाचशे रुपयांत, भाच्याला वाढदिवसाला द्यायला ठीक आहे पण त्यात स्वतःचं कार्ड घालता येत नाही आणि गेम सेव्ह होत नाही. दुकानदाराला विचारलं की दादा याच्यापेक्षा चांगलं काही आहे का, तर म्हणाला "आहे ना, मोबाइल." विषय संपला. अलीएक्सप्रेस २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे बंद झालं, म्हणून शेवटी इथल्याच एका मोठ्या ऑनलाइन साइटवरच्या सेलरकडून मागवला. कंपनी, साइट, सेलर यातलं कुणाचंच नाव घेत नाही. ऑर्डर, पेमेंट, डिलिव्हरी सगळं सुरळीत, बॉक्ससुद्धा न चेपलेला आला.

मशीन दिसायला एकदम मस्त. साडेतीन इंची स्क्रीन, ६४०×४८०, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी ४:३. हा आकडा बघूनच घ्या. मूळ गेम बॉयची (१९८९) स्क्रीन १६०×१४४ होती, तिला बरोब्बर तिप्पट केलं की ४८०×४३२ होतं, थोडी काळी पट्टी राहते पण चित्र एकदम धारदार. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची (२००१) मात्र २४०×१६०, ती ६४० रुंदीत ताणली की २.६७ पट असं अर्धवट गणित होतं, मग काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे, काही तीन ठिपक्यांचे, आणि स्क्रीन सरकायला लागली की सगळं लुकलुकतं. सेटिंगमध्ये इंटिजर स्केल (म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू केलं की लुकलुक जाते पण चित्र ४८०×३२० एवढंसं उरतं. ज्यांना मुख्यतः अ‍ॅडव्हान्सच खेळायचाय त्यांनी ७२०×४८० वाली स्क्रीन शोधा, तिथे बरोब्बर तिप्पट बसतं. मला हे माहिती होतं तरी ४:३ घेतला कारण माझा जीव कॉन्ट्रात, म्हणजे पळत पळत गोळ्या घालायच्या त्या टीव्हीवरच्या गेममध्ये.

आणि कॉन्ट्रा लावला तिथेच गाडी अडकली.

उजवीकडे पळतोय, फक्त उजवीकडे, अंगठा कुठेही घसरलेला नाही, आणि मधूनच माझा माणूस बंदूक तिरकी खाली धरून जमिनीत गोळ्या घालतोय. समोरून येणारा पळत येऊन अंगावर, मेलो. परत तेच. मग तीस लाइफचा कोड टाकून बघितला, वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, जो झोपेतसुद्धा टाकता येतो, तो लागेचना. टेट्रिस लावला तर ठोकळा बाजूला सरकवताना मधेच धप्पकन खाली. भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला "मामा, हे दोन दोन बटणं दाबतंय." पोराने एका वाक्यात निदान केलं, जे पुढे कस्टमर केअरला समजावताना माझा घसा बसला.

हा प्रॉब्लेम फार कॉमन आहे, याला फॉल्स डायगोनल म्हणतात. त्या अधिकच्या चिन्हाच्या बटणाखाली एक रबराचं पॅड असतं, त्याला चार बाजूंना चार काळ्या कार्बनच्या टिकल्या, त्या खालच्या सर्किट बोर्डवर टेकल्या की दिशा लागते. प्लॅस्टिकच्या मधोमध खाली एक टोक असतं ज्यावर ते बटण सीसॉसारखं झुलतं. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईने १९८२ साली डाँकी काँगच्या गेम अँड वॉचसाठी (हातात धरून खेळायचा छोटा गेम) हे बनवलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. ते टोक जरा आखूड पडलं किंवा रबर फार मऊ निघालं की उजवी टिकली दाबताना शेजारची खालचीपण टेकते. मशीन बिचारं बरोबरच सांगतंय, उजवा आणि खाली दोन्ही दाबलंय म्हणून.

आता बदलून घ्यायचं ठरवलं. सात दिवसांची रिप्लेसमेंट विंडो, म्हटलं आरामात होईल. फॉर्म उघडला, पहिलाच प्रश्न: तुमची अडचण निवडा. ऑप्शन काय, तर चालू होत नाही, स्क्रीन फुटली आहे, पार्ट कमी आहे, दुसरीच वस्तू आली, आता नकोय. आता यात "उजवा दाबला की खाली पण लागतो" कुठे टाकू? खाली "इतर" होतं ते निवडलं, त्यात लिहायला शंभर अक्षरांची जागा. शंभर अक्षरांत फॉल्स डायगोनल समजावून दाखवा कुणीतरी, मी त्याला वडापाव देतो. काहीतरी कोंबून सबमिट केलं, आणि लगेच मेसेज, तुमचं प्रॉडक्ट चालू स्थितीत असल्यामुळे रिक्वेस्ट नामंजूर. एवढ्या लगेच की कुणी वाचलं असणं शक्यच नाही.

मग चॅट. चॅटमधला बॉट मला परत तोच ड्रॉपडाउन दाखवतोय. मग फोन. तिकडून बाई विचारतात "सर, बटन काम कर रहा है ना?" मी म्हणालो हो करतंय, जास्तच करतंय. "तो प्रॉब्लेम क्या है सर?" आता जास्त काम करणं हा प्रॉब्लेम आहे हे माझ्या हिंदीत कसं पटवायचं. मराठीत बोलणारं कुणी आहे का विचारलं तर होल्डवर टाकलं, गाणं ऐकलं, कट झालं. परत लावला तर दुसरे गृहस्थ, परत पहिल्यापासून. त्यांनी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ काढला तर लिंकवर दहा एमबीच्या वरचं घेत नाही, छोटा केला तर त्यात माझा अंगठाच नीट दिसत नाही, आणि उत्तर आलं की व्हिडिओत गेम व्यवस्थित चालताना दिसतोय. चालतोच आहे हो! तेच तर म्हणतोय!

तोपर्यंत विंडो संपत आलेली. डोक्याला नुसता शॉट. घरचे म्हणायला लागले की एवढ्याशा खेळण्यासाठी काय चाललंय, ठेव ना आहे तसं. पण पैसे मोजलेत तर का ठेवू, सदाशिव पेठेत वाढलेला माणूस आहे मी.

ज्याने काम झालं ते सांगतो, हे नीट वाचा. बऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये बटण तपासायचा स्क्रीन असतो, "की टेस्ट" (Key Test) किंवा असंच काहीतरी नाव. बटण दाबलं की स्क्रीनवर त्या बटणाचं चित्र पेटतं. मी अंगठा बटणाच्या उजव्या टोकावर स्पष्ट दिसेल असा धरला आणि स्क्रीनवर उजवा आणि खाली दोन्ही पेटलेले, असा साधा फोटो काढला. व्हिडिओ नाही, फोटो. त्यावर फोनमधल्या पेननेच दोन गोल काढले आणि "एक बटण दाबलं, दोन लागली" एवढंच लिहिलं. हे पाठवल्यावर पहिल्यांदा कुणालातरी कळलं आणि टेक्निशियन व्हिजिट मंजूर झाली. हा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, तक्रार असो नसो.

व्हिजिट दुपारी एक ते चार. घरात बसून होतो, बेल वाजली नाही, फोन वाजला नाही, आणि चारला अ‍ॅपवर स्टेटस: ग्राहक उपलब्ध नव्हते. इथे मी जे बोललो ते लिहीत नाही. परत फोन, परत गाणं, परत नवीन स्लॉट.

दुसऱ्या वेळी मात्र मुलगा खरंच आला, कर्वे पुतळ्यापाशी येऊन फोन केला, मी खाली जाऊन घेऊन आलो कारण मॅप आमच्या सोसायटीच्या मागच्या बंद गेटवर नेतो. साताऱ्याकडचा, वागायला चांगला, पण त्याचं रोजचं काम मोबाइल आणि लॅपटॉपचं. पहिला प्रश्न, "सर, आयएमईआय नंबर सांगा." म्हटलं अरे हा फोन नाहीये. तर त्याचं अ‍ॅप नंबर टाकल्याशिवाय पुढेच जाईना. शेवटी बॉक्सवरचा सिरीयल नंबर टाकून गाडी पुढे सरकली. मग चेकलिस्ट, डिस्प्ले ओके, बॉडी ओके, स्पीकर ओके. बटणं असा एकच रकाना, दाबली जातात का, हो किंवा नाही.

मी त्याच्या हातात कॉन्ट्रा दिला. तो खूश, म्हणाला आमच्या गावात एका घरी होता, आम्ही रांग लावायचो. खेळला, मेला, परत खेळला, परत मेला. "च्यायला, हा आपोआप खाली का मारतोय?" म्हटलं हेच! हेच इतके दिवस सांगतोय मी! तो म्हणाला, "सर मला कळलं, पण अ‍ॅपला कसं सांगू?"

दोघं बसलो गप्प. मग त्याने बॅगेतून स्वतःचा चार्जर काढला, चेकलिस्टमध्ये चार्जिंग बाकी होतं म्हणून. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल, फास्ट चार्जर. लावला तर काहीच नाही, लाइटसुद्धा नाही. त्याचे डोळे चमकले. "चार्ज होत नाही. हे आहे लिस्टमध्ये."

मी म्हणालो, थांब, त्याचं कारण वेगळंय. स्वस्तातल्या अशा मशीनमध्ये टाइप-सी सॉकेटच्या मागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर द्यायचे टाळतात, त्यामुळे सी-टू-सी चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. जुन्या मोबाइलचा साधा यूएसबी चार्जर आणि बॉक्समधली केबल लाव, होतं चार्ज. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "सर, कंपनीने दिलेल्या चार्जरने चेक करायचं अशी आम्हाला सूचना आहे. तुम्हाला पीस बदलून पाहिजे का नको?"

पाहिजे म्हणालो. ओटीपी दिला. लगेच मेसेज आला, रिप्लेसमेंट मंजूर. फॉल्स डायगोनलचा कुठे उल्लेख नाही. नंतर रेटिंग मागितलं, त्या पोराला पाच स्टार दिले आणि साइटच्या रेटिंगला एक, त्यात "इतर" नावाचा ऑप्शन होता आणि तिथेही शंभरच अक्षरं.

नवा पीस आला. तोही सी-टू-सी वर चार्ज होत नाही, अर्थातच, पण डी-पॅड एकदम कडक, उजवा म्हणजे उजवा. तीस लाइफचा कोड पहिल्या झटक्यात लागला, तेव्हा एवढा आनंद झाला की भाच्याला फोन करून सांगितलं, त्याला काही विशेष वाटलं नाही.

आता सुचतील तसं सांगतो. बॉक्समध्ये येणारं मेमरी कार्ड बिननावाचं असतं, ते लवकर मरतं, त्यामुळे आल्याआल्या त्याची कॉपी कॉम्प्युटरवर घ्या आणि चांगल्या ब्रँडचं कार्ड टाका. त्या कार्डावर जे हजारो गेम फुकट भरून येतात ते सगळे पायरेटेड असतात हे पण माहिती असू द्या, नवीन लोकांनी जुन्या मशीनसाठी बनवलेले होमब्रू गेम कायदेशीर मिळतात आणि त्यातले काही खरंच भारी आहेत. विंडो संपली असेल आणि तुम्हाला तेच डायगोनल भेटलं तर मागचे स्क्रू काढून बोर्डवरच्या त्या चार दिशांच्या कॉन्टॅक्टवर, त्यांच्या कोपऱ्यांकडच्या कडांना, पातळ टेपच्या बारीक पट्ट्या लावतात, म्हणजे टिकली सरळ दाबली तरच टेकते. विंडो चालू असताना हे करू नका, उघडलेला पीस कुणी परत घेणार नाही.

काही जणांना गेम लहानपणीपेक्षा फास्ट वाटतील, तो भास नाही. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल (PAL) पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे, आणि घरोघरी असलेले ते फॅमिकॉमचे (निन्टेंडोचं टीव्हीला लावायचं जपानी गेम मशीन) क्लोन, म्हणजे नकला, त्यासुद्धा त्याच हिशोबाने चालायचे. मूळ जपानी आणि अमेरिकन गेम ६० चे. म्हणजे आपण सगळे लहानपणी कॉन्ट्रा स्लो मोशनमध्ये खेळलो. एम्युलेटरच्या (जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये रीजन पाल केला तर जुना स्पीड मिळतो, मी केला आणि पहिली लेव्हल एकही लाइफ न घालवता संपवली.

बंद करताना मेनूतून शटडाउन करा, पॉवर बटण दाबून धरून नको, कार्डावर काहीतरी लिहिणं चालू असेल तर ते करप्ट होतं. आणि कव्हर घ्यायचं असेल तर डी-पॅड तपासून झाल्यावरच घ्या, माझं पहिल्या पीससोबत आलेलं कव्हर पिकअपवाला आत ठेवूनच घेऊन गेला, त्याच्यासाठी आता परत तो फॉर्म भरायची माझी तयारी नाही.