एअरब्रश घ्यायचाय, पण आधी हवेचं बघू

आज दिवसभर पाऊस आणि लाईटचा लपंडाव, कामाचं काहीच झालं नाही, पण एअरब्रशचा विषय एकदाचा मार्गी लागला. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी पेनाएवढी गन, कधीपासून डोक्यात घोळत होती. टेबलावर सी हॉक विमानाचं मॉडेल जोडून तयार बसलंय, १/७२ मधलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेसोळा सेंटीमीटर, वीतभर पण नाही. १९७१ ला जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरनं उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले ती ही विमानं. एवढ्याशा अंगावर हाताने रंग दिला की ब्रशच्या रेघा दिसतातच, थर कितीही पातळ द्या, आणि वरचा गडद करडा खालच्या फिकट रंगाला भेटतो ती कड तर हाताने मला समाधान होईल अशी येतच नाही.

गन कुठली हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात असं माझं मत झालंय. सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगर फक्त हवा सोडतो, रंग किती ते मागच्या नॉबवर आधीच ठरवून ठेवायचं. ड्युअल अॅक्शनमध्ये दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, दोन्ही एकाच बोटावर. सुरुवातीला बोट ऐकत नाही म्हणे, पण शिकायचंच आहे तर तेच शिकू, दोनदा खर्च कशाला. कप वर असलेली, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड, कारण चार थेंब रंगात काम होतं आणि प्रेशर कमी लागतं, खाली बाटली लटकणारी मोठ्या कामाला ठीक. नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते टोकाचं भोक, ०.३ मिलिमीटरचं. ०.२ बारीक रेघेला छान पण जरा रंग जाड राहिला की तुंबते, ०.५ प्रायमरला उत्तम. इवाटा, हार्डर अँड स्टीनबेक वगैरेंची नावं वाचून तोंडाला पाणी सुटतं, पण पहिल्याच गनची सुई धुताना टेकून वाकवायची असेल तर ती स्वस्तातली वाकू दे. फक्त तिची सुई, नोझल आणि ओ-रिंग, म्हणजे आतली गळती अडवणारी गोल चकती, सुटी मिळते का ते आधी बघायचं. साध्या रबराची ओ-रिंग लॅकर थिनरने फुगते, टेफ्लॉनची टिकते, हे पण विचारून घ्यायचं. वेंगुर्ल्यात कोणाकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं नोझल मागायला जाऊ?

खरी गोम गनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरात आहे. परवा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात गेलेलो, सध्या तिथे शाडूच्या मूर्ती वाळेनात म्हणून हॅलोजन लावून ठेवलेत, तिथले तात्या एका बाजूला वाळलेल्या मूर्तीवर अंगरंग मारत होते. सुरू करायच्या आधी त्यांनी कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला तर फस्सकन हवा आणि तिच्यासोबत तांबूस गंजाचं पाणी, फरशीवर चांगलं थारोळं झालं. रात्रभरात कुठनं एवढं आलं म्हटलं तर म्हणाले, "अरे हवेतलाच ता. गन खयचीय घे, हवा सुकी होयी. पाणी इला की रंग फाटता."

गणित साधं आहे. हवा दाबली की तापते, टाकीत निवते, निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. आणि आपल्याकडे जुलैत हवेत काय कमी वाफ असते? चपला भिंतीला टेकवल्या तरी बुरशी धरतात. ते पाणी होजमधनं, म्हणजे हवेच्या नळीतनं, गनपर्यंत पोचलं की ऐन पंखावर थेंब थुंकणार. म्हणून बिनटाकीचा छोटा कंप्रेसर बाद, तो सतत चालतो, तापतो आणि हवा गरमच पुढे ढकलतो. ती चार्जिंगवाली हँडी गन लाईट गेली तरी चालेल म्हणून मोह झालेला, पण तिच्यात पाणी अडवायची सोयच नाही आणि प्रेशर पण धड हातात नाही. बाजारातला फ्रीजवाला जुन्या फ्रीजचा कंप्रेसर बसवून देतो म्हणाला, एकदम गप्प चालतो, खरंय, पण त्यातनं तेल येतं, मग तेलाचा फिल्टर वेगळा. नको.

ठरलं ते असं: तीन लिटरची टाकी, साधारण ५८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ला आपोआप बंद आणि ४३ च्या आसपास परत सुरू होणारा, सोबत दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर आणि हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. मला मारायला लागणार १५ ते २०, त्यामुळे टाकी भरलेली असली की तो मधेमधे गप्प बसतो. आईची अट तेवढीच आहे, "रात्री आवाज नको हां." गनच्या दांड्याशी लावायचा दुसरा छोटा ट्रॅप पण घेतोय, लांब होजमध्ये हवा आणखी निवते आणि उरलेलं पाणी तिथे पडतं.

रंग सध्या अॅक्रिलिकच. लॅकर गुळगुळीत बसतं पण पावसात त्याचा थिनर भसकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर ओल धरून पांढुरकी झाक येते, ग्लॉसवर तर नक्कीच. वाळणं लांबवणारा रिटार्डर घालून जमतं म्हणतात, ते दिवाळीनंतर बघू. शिवाय वासाचा प्रश्न आहे, पडवीत मारलं तर पावसाचा वारा, खोलीत मारलं तर खिडकीत एक्झॉस्ट फॅन आणि तोंडावर कार्ट्रिजवाला मास्क, कापडी नव्हे. अॅक्रिलिकला पण मास्क हवाच, फवारा तो फवारा. रंग किती पातळ करायचा तर सगळे म्हणतात दुधाइतका. कुठलं दूध, म्हशीचं की पिशवीतलं? ते जुन्या पेपरवर रेघा मारूनच कळणार, सी हॉकला तोवर हात लावणार नाही.

ऑर्डर उद्या लाईट टिकली तर टाकतो. गन होजपासून पटकन सुटावी म्हणून मधे लावायचा क्विक कपलर तेवढा राहिलाय, नंतर घेऊ म्हणत होतो, पण रंग बदलताना दर वेळी होज पिळून गन सोडवायची आणि मग दोनशेच्या वस्तूला परत कुरियरचे पैसे भरायचे, त्यापेक्षा आत्ताच टाकलेला बरा.